माकडाचा विषाणू माणसाच्या औषधात कशाला? दोडामार्गच्या एका शिक्षकांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: "कोविशिल्डमध्ये चिंपांझीचा विषाणू होता हे मला परवा कळलं. आमच्या भागात माकडतापाने माणसं गेली आहेत. जंगलात मेलेलं माकड दिसलं की आम्ही आधी आरोग्य खात्याला कळवतो. आणि तुम्ही शास्त्रज्ञ लोक तोच माकडाचा विषाणू मुद्दाम माणसाच्या दंडात सोडता? पुढे काही होणार नाही ना? दुसरं, माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला डुशेन, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार, आहे. दीड वर्षापासून तो व्हीलचेअरवर आहे. रीसस माकडाच्या विषाणूतून देतात ते अमेरिकेतलं औषध त्याला मिळावं म्हणून नातेवाईक वर्गणी काढायचं म्हणताहेत. काढावी का?"

सर, तुमचा दुसरा प्रश्न जास्त निकडीचा आहे, पण त्याच्या उत्तराची वाट पहिल्यातूनच जाते. म्हणून क्रमाने घेतो. मी डॉक्टर नाही. वीसेक वर्षं विषाणूंपासून वाहक, म्हणजे व्हेक्टर, बनवायच्या कामात आहे. विषाणूतली रोग करणारी यंत्रणा काढायची, तिथे आपल्याला हवं ते जनुक बसवायचं आणि तो विषाणू टपालवाल्यासारखा वापरायचा, हा आमचा धंदा.

आधी माकडताप, कारण तुमची भीती तिथून आलेली दिसते. क्यासनूर जंगलात, शिमोगा जिल्ह्यात, १९५७ साली हा विषाणू सापडला. तो पसरतो गोचिडीतून. वानर आणि माकडं त्याने आपल्यासारखीच आजारी पडतात, आणि आपल्याआधी मरतात, म्हणून मेलेलं माकड ही तुमच्यासाठी धोक्याची घंटा असते. माकडाच्या अंगात तो मुक्कामाला नसतो. चिंपांझीच्या पोटात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या अ‍ॅडिनोव्हायरसशी त्याचं नावापलीकडे काहीही नातं नाही. चिंपांझी हे तर माकडही नव्हे, तो कपी. पण "कपीचा विषाणू" म्हटलं तर लोकांना मारुतीची आरती आठवेल, म्हणून बोलताना मीही माकडच म्हणतो.

आता चिंपांझीच का? यामागे एक जुनी अडचण आहे.

अ‍ॅडिनोव्हायरस म्हणजे सर्दी, डोळे येणं, लहान मुलांचे जुलाब असल्या किरकोळ दुखण्यांचा विषाणू. माणसाचे त्याचे पन्नासांहून जास्त प्रकार आहेत. त्यातला पाचवा प्रकार प्रयोगशाळेत झकास वाढतो, त्याची जनुकं पाठ आहेत, म्हणून १९८०-९० च्या दशकांत सगळ्यांनी वाहक म्हणून तोच उचलला. पण तो आपल्याला लहानपणीच होऊन गेलेला असतो. अंगात त्याची अँटिबॉडी तयार असते. टपालवाला दारात येतो आणि घरातला कुत्रा त्याला ओळखून फाटकातच धरतो. लस दिली तरी आतलं जनुक पेशीपर्यंत पोचत नाही. आफ्रिकेच्या सहाराखालच्या देशांत, जिथे एचआयव्ही आणि मलेरियाच्या लशींची सगळ्यात जास्त गरज, तिथेच ही अँटिबॉडी सगळ्यात जास्त लोकांत.

२००७ साली प्रकरण याहून वाईट निघालं. पाचव्या प्रकारावर बेतलेल्या एचआयव्ही लशीची 'स्टेप' नावाची मोठी चाचणी सप्टेंबरमध्ये थांबवावी लागली. लस निष्फळ ठरली एवढंच असतं तर चाललं असतं. पण ज्या पुरुषांच्या रक्तात त्या विषाणूच्या अँटिबॉडी आधीपासून होत्या आणि ज्यांची सुंता झालेली नव्हती, त्यांच्यात लस घेतलेल्यांना एचआयव्हीची लागण नुसतं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झाली. तेव्हापासून आमच्या क्षेत्रात कुणी "पाचवा वापरू" म्हटलं की जुनी माणसं भुवई वर करतात.

मग असा विषाणू हवा होता, जो माणसाच्या पेशीत शिरू शकेल इतका जवळचा आणि माणसाच्या रक्ताने कधी पाहिलेला नसेल इतका परका. चिंपांझीचे अ‍ॅडिनोव्हायरस नेमके तसे. ते मिळतात कुठून? विष्ठेतून. इटालियन शास्त्रज्ञांच्या एका गटाने चिंपांझींच्या विष्ठेतून एक हजाराहून जास्त अ‍ॅडिनोव्हायरस वेगळे काढले आणि २०१२ मध्ये ते काम छापलं. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटने वाय-२५ नावाच्या चिंपांझी विषाणूपासून एक वाहक बनवल्याचं प्रसिद्ध केलं. नाव 'चॅडॉक्स-१'. कोविशिल्डमधला वाहक तो हाच. चिंपांझी, अ‍ॅडिनो आणि ऑक्सफर्ड, तिन्ही त्या नावात कोंबलेले आहेत. या विषाणूला अडवतील अशा अँटिबॉडी ब्रिटनमधल्या लोकांत जवळजवळ नव्हत्या, आणि गॅम्बियातही दहांतल्या एकापेक्षा कमी जणांत होत्या. कोविड यायच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट. "दहा महिन्यांत घाईघाईने बनवली" म्हणणाऱ्यांना मी हे साल सांगतो. घाई झाली ती चाचण्यांचे टप्पे एकमेकांवर चढवण्यात. गाडी आधीच तयार होती, २०२० मध्ये तिच्यात फक्त नवं सामान भरलं.

आता त्या विषाणूचं आम्ही काय करतो ते सांगतो. अ‍ॅडिनोव्हायरसच्या डीएनएत साधारण ३६ हजार अक्षरं असतात. त्यात ई-१ नावाचा भाग म्हणजे गाडीची किल्ली. तो काढला की विषाणू पेशीत शिरतो पण स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. त्याच जागी करोनाच्या काट्याचं, म्हणजे स्पाइक प्रथिनाचं जनुक बसवलं. ई-३ नावाचा, शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवणारा भागही काढून टाकला. मग प्रश्न येतो, वाढतच नाही तर कारखान्यात वाढवायचा कसा? त्यासाठी ती काढलेली किल्ली आधीपासून बाळगून असलेल्या पेशी लागतात. त्या 'एचईके-२९३'. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडन इथे फ्रँक ग्रॅहम यांनी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत अ‍ॅडिनोव्हायरसचे तुकडे घालून त्या तयार केल्या. त्यांच्या वहीतला तो २९३ वा प्रयोग, म्हणून नाव २९३.

इथे आम्हा बनवणाऱ्यांना चिंपांझीचा आणखी एक फायदा, ज्याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही. एचईके पेशींत असलेली किल्ली माणसाच्या पाचव्या प्रकाराची आहे. त्यामुळे पाचव्यापासून बनवलेला वाहक या पेशींत वाढवला तर कधीकधी दोघांचा डीएनए जुळून विषाणू आपली किल्ली परत मिळवतो आणि पुन्हा वाढायला लागतो. अशा बॅचा फेकून द्याव्या लागतात. चिंपांझीच्या विषाणूचा डीएनए वेगळा असल्याने ही अदलाबदल फार अवघड होते. तरी प्रत्येक बॅचमध्ये असा जागा झालेला विषाणू आहे का हे शोधावंच लागतं. क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागातल्या, मुलांचे दिवसच्या दिवस त्यात जातात.

एक गंमत बघा. कोविशिल्डचा विषाणू चिंपांझीचा, पण तो वाढला माणसाच्या पेशींत. कोव्हॅक्सिनचा विषाणू माणसाला झालेला करोना, पण तो वाढला व्हेरो पेशींत, म्हणजे आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून १९६२ साली जपानमध्ये तयार झालेल्या पेशींत. माकडाचा संबंध अजिबात नको असं म्हणणाऱ्याला दोन्हीतली एकही चालणार नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लशीही याच व्हेरो पेशींत होतात. आणि हो, चिंपांझीचा विषाणू पुण्याजवळ हडपसर-मांजरीच्या परिसरात कोट्यवधी डोसांत भरला गेला. "चिंपांझीचा विषाणू मांजरीत केला" हे वाक्य मी एकदा परगावच्या पाहुण्यांना सांगितलं आणि मग अर्धा तास खुलासा करत बसलो. यासाठी एकही चिंपांझी लागत नाही, हेही सांगून ठेवतो. विषाणूचा डीएनए जिवाणूत जपून ठेवलेला असतो, तिथूनच सगळं सुरू होतं.

भारतात १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं आणि पुढे दिलेल्या डोसांत साधारण पाचांतले चार कोविशिल्डचे. एका डोसात विषाणूचे सुमारे ५,००० कोटी कण. आकडा ऐकून दचकू नका, लक्षात मात्र ठेवा, पुढे लागणार आहे. हे कण दंडाच्या पेशींत जातात, डीएनए पेशीच्या केंद्रकात पोचतो आणि तुमच्या गुणसूत्रांपासून वेगळा, बाजूला पडून राहतो. एचआयव्हीसारख्या विषाणूकडे आपला डीएनए यजमानाच्या डीएनएत शिवून टाकणारं खास हत्यार असतं, अ‍ॅडिनोव्हायरसकडे ते नसतं. काही दिवस काटा बनतो, शरीर त्या पेशी ओळखून संपवतं, आणि वाहकही त्यांच्याबरोबर जातो. "आमच्या जनुकांत चिंपांझी घुसला का" याचं उत्तर नाही.

पण "काहीच झालं नाही" असं मी म्हणणार नाही. मार्च २०२१ मध्ये युरोपात लशीनंतर रक्ताच्या गुठळ्या आणि त्याच वेळी प्लेटलेट घसरलेल्या, असे विचित्र रुग्ण दिसू लागले. शरीर स्वतःच्याच 'पीएफ-४' या प्लेटलेटमधल्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवत होतं. ब्रिटनच्या आकड्यांत पहिल्या डोसानंतर साधारण लाखात एक-दोन, तरुणांत जास्त. म्हणून त्यांनी मे २०२१ मध्ये चाळिशीच्या आतल्यांना हिच्याऐवजी वेगळी लस द्यायला सुरुवात केली. आपल्या राष्ट्रीय समितीने त्याच महिन्यात दहा लाख डोसांमागे ०.६१ अशी नोंद दिली. आकडा इतका कमी का, यात आपल्याकडच्या नोंदणीचा वाटा किती, हा वाद मी इथे काढत नाही. धोका खरा होता, दुर्मीळ होता, आणि तो दिसायचा तो साधारण चार ते बेचाळीस दिवसांत. २०२४ च्या मे महिन्यात ब्रिटिश कोर्टातली, हा विकार लशीने क्वचित होऊ शकतो असं कंपनीने मान्य केलेली कागदपत्रं गाजली तेव्हा लोक तीन वर्षांपूर्वीच्या डोसासाठी रक्त तपासायला धावले. त्यात पॅथॉलॉजीवाल्यांचं भलं झालं, बाकी कुणाचं नाही.

आणि हा दोष चिंपांझीचा होता का? जॉन्सन अँड जॉन्सनची लस माणसाच्याच अ‍ॅडिनोव्हायरसच्या सव्विसाव्या प्रकारावर होती. तिच्यातही हाच विकार आला. २०२३ मध्ये तर साध्या अ‍ॅडिनोव्हायरसच्या आजारानंतर, कुठलीही लस न घेता, तशाच अँटिबॉडी आणि तशाच गुठळ्या झालेले रुग्ण नोंदवले गेले. म्हणजे ही खोड या कुळाचीच.

माकडाच्या विषाणूने खरोखर घोळ घातला अशा दोन गोष्टी आहेत. त्या सांगितल्या नाहीत तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही.

पहिली पोलिओची. १९५५ पासून अमेरिकेत पोलिओची लस रीसस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवली जायची. ती माकडं लाखोंच्या संख्येने भारतातून गेली, उत्तरेतल्या जंगलांतून पकडून. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ती निर्यात बंद केली, पण ते फार नंतर. १९६० मध्ये कळलं की त्या पेशींत एक विषाणू गुपचूप राहतो. माकडांत सापडलेला चाळिसावा म्हणून त्याचं नाव 'एसव्ही-४०'. लशीतला पोलिओचा विषाणू मारायला घातलेल्या फॉर्मलिनमधूनही यातले काही निसटायचे. १९६३ पर्यंत एक ते तीन कोटी अमेरिकनांना तो टोचला गेला असा अंदाज आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांसारख्या प्राण्यांत तो गाठी करतो. माणसांत कॅन्सर वाढला असं लोकसंख्येच्या अभ्यासांतून ठाम दिसलं नाही, पण २००२ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने "पुरावा कुठल्याच बाजूने पुरेसा नाही" असंच लिहिलं. आज आम्ही प्रत्येक सेल बँक, म्हणजे गोठवून ठेवलेला पेशींचा साठा, परक्या विषाणूंसाठी इतकी पिंजून काढतो, ते या प्रकरणामुळे. तो विषाणू कुणी वाहक म्हणून निवडला नव्हता. न सांगता आलेला पाहुणा होता तो.

दुसरी गोष्ट मुद्दाम निवडलेल्या विषाणूची. 'रोटाशिल्ड' ही बाळांच्या जुलाबांवरची लस, रीसस माकडाच्या रोटाव्हायरसवर बेतलेली, ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तो विषाणू जिवंत, आतड्यात वाढणारा. वर्षभरात दिसलं की साधारण दहा हजारांत एका बाळाच्या आतड्यात आतडं शिरून अडकतंय. ऑक्टोबर १९९९ मध्ये ती बाजारातून काढली. पुढच्या रोटाव्हायरस लशींत हा धोका उरला तो फार थोडा, पण उरला. म्हणून कुणी मला "माकडाचा विषाणू" म्हणून विचारलं की मी उलट विचारतो: तो अंगात वाढतो का? कुठल्या पेशीत तयार केला? आणि डोस किती?

या तिसऱ्या प्रश्नाशी तुमच्या भाच्याचा संबंध येतो.

जनुकोपचारात आज सगळ्यात जास्त वापरतात तो विषाणू 'एएव्ही'. १९६५ मध्ये माकडाच्या अ‍ॅडिनोव्हायरसच्या नमुन्यात भेसळ म्हणूनच तो सापडला. अगदी चिमुकला, २५ नॅनोमीटरचा. तो एकटा कुठला आजार करतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पण त्याच्या पोटात जेमतेम ४,७०० अक्षरांचं सामान मावतं.

त्याला पुढे आणलं एका मृत्यूने. १७ सप्टेंबर १९९९ ला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा गेला. यकृताच्या एका आनुवंशिक आजारासाठी त्याला पाचव्या प्रकारच्या अ‍ॅडिनोव्हायरसचे ३८ लाख कोटी कण थेट यकृताच्या धमनीत दिले होते. कोविशिल्डच्या डोसाच्या साडेसातशे पट. शरीराची प्रतिक्रिया वणव्यासारखी पेटली आणि चार दिवसांत तो गेला. लक्षात घ्या, हा विषाणू माणसाचा होता. ती चाचणी चालवणारे जेम्स विल्सन नंतर कमी भडकणाऱ्या वाहकाच्या शोधात एएव्हीकडे वळले. २००२ मध्ये त्यांच्या गटाने रीसस माकडांच्या ऊतींतून एएव्ही-७ आणि एएव्ही-८ काढले. आठवा यकृतात सुरेख जातो. लंडनमध्ये तीव्र हिमोफिलिया-बी असलेल्या दहा पुरुषांना तो दिला, सगळ्यात मोठा डोस किलोमागे दोन लाख कोटी. तेरा वर्षांनंतरही त्यांच्या अंगात रक्त गोठवणारा घटक बनतो आहे, हे २०२५ मध्ये छापून आलं. आमच्या क्षेत्रातली मला सगळ्यात आवडणारी बातमी तीच.

तुमच्या नातेवाइकांनी ऐकलेलं औषध म्हणजे एलेव्हिडिस. त्यातला वाहक रीसस माकडाचा 'एएव्ही आरएच-७४'. डुशेनमध्ये स्नायूंत जे प्रथिन बनत नाही, त्या डिस्ट्रोफिनचा संदेश ११ हजार अक्षरांचा, तो त्या पिशवीत मावत नाही, म्हणून कापून कापून छोटं केलेलं 'मायक्रो-डिस्ट्रोफिन' त्यात घातलंय. आणि यकृतासारखा एक अवयव गाठायचा नसून अंगातला प्रत्येक स्नायू गाठायचा आहे, म्हणून डोस किलोमागे १३३ लाख कोटी. वीस किलोच्या मुलाला कोविशिल्डच्या एका डोसापेक्षा पन्नास हजार पटींहून जास्त कण. दोन विषाणू वेगळे, त्यामुळे ही तुलना ढोबळच आहे, पण यकृतावर केवढा भार पडत असेल याची कल्पना येते.

जून २०२३ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी ते मंजूर झालं, २०२४ मध्ये मंजुरी वाढवली. मोठ्या चाचणीत मात्र हालचालींच्या मुख्य मोजमापात ते साध्या सलाईनपेक्षा स्पष्टपणे सरस ठरलं नव्हतं. २०२५ मध्ये चालू न शकणारे दोन किशोरवयीन मुलगे हे औषध घेतल्यावर यकृत निकामी होऊन गेले. वर्षअखेरीस अमेरिकेच्या नियामकांनी लेबलवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला आणि औषध फक्त चालू शकणाऱ्या, चार वर्षांवरच्या मुलांपुरतं ठेवलं. किंमत ३२ लाख डॉलर, म्हणजे सत्तावीस कोटींच्या आसपास.

तेव्हा सर, वर्गणी काढू नका. भाचा व्हीलचेअरवर आहे, त्याच्यासाठी हे औषध आज मंजूरच नाही, आणि ज्यांना ते भोवलं ते त्याच्याच गटातले. कुणी "परदेशात ओळख आहे, करून देतो" म्हणालं तर त्याला दारात उभं करू नका. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. एएव्हीचा डोस एकदा घेतला की त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी इतक्या चढतात की दुसऱ्यांदा घेता येत नाही. उद्या जास्त चांगलं औषध त्याच कुळातल्या विषाणूतून आलं तर ते दार बंद झालेलं असतं. कुठल्याही चाचणीत नाव घालण्याआधी हे विचारा.

त्याचं स्टिरॉइड तज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू ठेवा, अचानक बंद करू नका. हृदयाची तपासणी निदान दरवर्षी, आणि तो व्हीलचेअरवर असल्याने श्वासाची दर सहा महिन्यांनी. आणि त्याचा जनुकीय अहवाल, बहुधा एमएलपीए नावाच्या, जनुकातले गहाळ भाग शोधणाऱ्या चाचणीचा असेल, शोधून ठेवा. कोणते एक्सॉन, म्हणजे जनुकातले प्रथिनाची माहिती असलेले तुकडे, गहाळ आहेत ते आकडे त्यात असतात. आठवा किंवा नववा गहाळ असेल तर एलेव्हिडिस चालणाऱ्या मुलालाही देत नाहीत. काही ठरावीक एक्सॉन गहाळ असलेल्यांसाठी विषाणूशिवायची, एक्सॉन वगळणारी औषधंही आहेत. त्यांचा परिणाम माफक आहे, पण त्यातलं एखादं त्याला लागू पडतं का, हे त्या आकड्यांवरूनच कळेल. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ते कागद बरोबर न्या.